शोधनिबंध सापडला, पण उघडत नाही? ग्रंथालयाच्या वाटेने मूळ लेखापर्यंत कसं पोहोचावं

एखाद्या पेपरचं शीर्षक सापडतं, सारांश वाचून वाटतं की नेमकं हेच हवं होतं, आणि पुढच्या क्लिकला प्रकाशकाचं पान पैसे मागतं. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात. काही जण सारांशावर भागवतात आणि संदर्भसूचीत मात्र तो लेख पूर्ण वाचल्यासारखा घालतात. ही सवय मला फार घातक वाटते, कारण सारांशातली ठाम विधानं आणि आतल्या तक्त्यांमधले आकडे नेहमी जुळतातच असं नाही. खंत याची की पुष्कळदा तो लेख त्याच विद्यार्थ्याच्या ग्रंथालयाने वर्गणी भरून आधीच घेतलेला असतो. वाचकापर्यंत ती गोष्ट पोहोचलेली नसते, एवढंच.

लेख शोधणं आणि लेख मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. शोधण्याची साधनं सगळ्यांना थोडीफार ठाऊक असतात. मिळवण्याची साधनं मात्र कुणी शिकवत नाही. या लेखात दोन्ही आहेत, पण भर दुसऱ्यावर आहे.

## पैसे मागणारं पान तुम्हाला ओळखत का नाही

ग्रंथालय जर्नलची वर्गणी भरतं तेव्हा आपल्या संस्थेच्या नेटवर्कचे आयपी पत्ते (इंटरनेटवर जोडणी ओळखणारे क्रमांक) प्रकाशकाला कळवतं. कॅम्पसच्या वायफायवरून तुम्ही लेख उघडलात की प्रकाशकाचा सर्व्हर तुमचा पत्ता त्या यादीशी ताडून पाहतो आणि लेख दाखवतो. तुम्ही कुठेही पासवर्ड दिलेला नसतो, म्हणून हा लेख सगळ्यांनाच मोफत असावा असा समज होतो. घरी गेल्यावर, किंवा कॅम्पसमध्येच फोन मोबाइल डेटावर गेला की, तोच लेख बंद दिसतो. लेख आहे तिथेच असतो, वर्गणीही चालू असते. तुम्ही त्या संस्थेचे आहात हे सांगणारी खूण तेवढी नाहीशी झालेली असते.

ही खूण बाहेरून पटवण्याचे तीन प्रचलित मार्ग आहेत. आपल्या संस्थेत यांपैकी कोणता चालतो, ते आधी माहीत करून घ्या.

पहिला मार्ग प्रॉक्सीचा. यात सर्वांत जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे ईझीप्रॉक्सी. ख्रिस झगार यांनी ते १९९९ मध्ये तयार केलं आणि २००८ पासून ते ओसीएलसी या संस्थेकडे आहे. तुम्ही ग्रंथालयाचं लॉगिन देता, प्रॉक्सी सर्व्हर तुमच्या वतीने पान मागवतो, आणि प्रकाशकाला तुमच्याऐवजी संस्थेचा पत्ता दिसतो. प्रॉक्सी चालू आहे का, हे ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत कळतं. प्रकाशकाच्या पत्त्यामागे तुमच्या संस्थेचं नाव लागलेलं असतं आणि मूळ पत्त्यातल्या टिंबांच्या जागी बहुधा आडव्या रेघा आलेल्या असतात. हे दिसत नसेल, तर तुम्ही प्रॉक्सीच्या बाहेर आहात.

दुसरा मार्ग संस्थेच्या लॉगिनचा. शिबोलेथ किंवा ओपनॲथेन्स यांसारख्या व्यवस्था यामागे असतात. प्रकाशकाच्या पानावर 'संस्थेमार्फत प्रवेश' अशा अर्थाची लिंक असते. तिथे संस्थेचं नाव निवडलं की तुमच्याच विद्यापीठाचं लॉगिन पान उघडतं आणि तिथून तुम्ही लेखावर परत येता. आता बऱ्याच प्रकाशकांच्या पानांवर सीमलेसॲक्सेसचं बटण असतं. ते तुमची संस्था ब्राउझरमध्ये लक्षात ठेवतं, त्यामुळे पुढच्या प्रकाशकाकडे यादीत पुन्हा नाव शोधावं लागत नाही. इथे एक गफलत फार होते. त्याच पानावर वैयक्तिक खात्याचं 'साइन इन' असतं आणि लोक तिथे नवं खातं उघडून बसतात. त्या खात्याने अलर्ट मिळतात, याद्या साठवता येतात, पण संस्थेच्या वर्गणीशी त्याचा आपोआप काही संबंध नसतो. लॉगिन झालं तरी लेख उघडत नाही, याचं कारण अनेकदा हेच असतं.

तिसरा मार्ग व्हीपीएनचा, म्हणजे घरच्या संगणकाला संस्थेच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा, जे संस्थेचा आयटी विभाग देतो. काही व्हीपीएन फक्त संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडे जाणारी वाहतूक आपल्यातून नेतात, बाकीचं इंटरनेट तुमच्या घरच्याच जोडणीने चालतं. मग व्हीपीएन चालू असूनही प्रकाशकाला घरचाच पत्ता दिसतो. असं होत असेल तर आयटी विभागाला सगळी वाहतूक आतून नेणारी सेटिंग विचारा, किंवा सरळ प्रॉक्सी वापरा.

## एकदाच करून ठेवायची तयारी

अर्धा-पाऊण तास काढून या चार गोष्टी लावून घ्या. लेख शोधण्याच्या ऐन घाईत त्या लावायला गेलात तर अर्धवट राहतात.

१. प्रॉक्सीचा बुकमार्क. बऱ्याच ग्रंथालयांच्या संकेतस्थळावर 'प्रॉक्सी बुकमार्कलेट' नावाची लिंक असते. ती माऊसने ओढून ब्राउझरच्या बुकमार्क पट्टीवर ठेवायची. पुढे प्रकाशकाचं कुठलंही बंद पान समोर आलं की त्या बुकमार्कवर टिचकी मारायची. तेच पान प्रॉक्सीतून पुन्हा उघडतं. यात काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि हे दुसऱ्याच्या संगणकावरही लावता येतं, म्हणून मी याला पहिला क्रमांक देते.

२. गूगल स्कॉलरमध्ये ग्रंथालयाची जोडणी. स्कॉलरच्या मेनूतून सेटिंग्ज, तिथून 'लायब्ररी लिंक्स' उघडा, संस्थेचं नाव शोधा, चौकटीत खूण करा आणि जतन करा. जास्तीत जास्त ५ ग्रंथालयं जोडता येतात. यानंतर शोधाच्या निकालात, ग्रंथालयाकडे असलेल्या लेखांशेजारी ग्रंथालयाची स्वतंत्र लिंक दिसू लागते. संस्थेचं नाव यादीत सापडलं नाही, तर ग्रंथालयाने आपली माहिती गूगलला दिलेली नाही असं समजावं. ग्रंथपालांना सांगितलं तर ते काम त्यांच्याकडून होऊ शकतं.

३. ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं पूरक साधन. इथे दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक कळला पाहिजे. लिबकी नोमॅड किंवा लीन लायब्ररी यांसारखी साधनं तुमच्या ग्रंथालयाच्या वर्गणीवर चालतात. ग्रंथालयाने ती सेवा घेतलेली असेल तरच त्यांचा पुरा उपयोग होतो, आणि लावताना संस्था निवडावी लागते. लिबकी नोमॅड प्रकाशकाच्या पानावर, पबमेड या वैद्यकीय डेटाबेसवर, अगदी विकिपीडियाच्या संदर्भांतही पीडीएफचं बटण दाखवतं. अनपेवॉल मात्र कोणत्याही संस्थेशिवाय चालतं. ते २०१७ मध्ये आलं, आज अवरिसर्च ही ना-नफा संस्था ते चालवते. लेखाचा डीओआय, म्हणजे त्याची कायमची ओळखखूण, पाहून त्याची कायदेशीर मुक्त प्रत कुठे आहे का हे ते तपासतं आणि असेल तर पानाच्या कडेला हिरवं कुलूप दाखवतं. दोन्ही लावावीत. मात्र एकाच प्रकारची तीन-चार एक्स्टेन्शन्स एकदम लावू नका. ती एकमेकांच्या बटणांवर बटणं आणतात, शिवाय प्रत्येक एक्स्टेन्शन तुम्ही उघडता ती पानं वाचण्याची परवानगी मागतं, आणि ती परवानगी किती जणांना द्यायची याचा विचार व्हायला हवा.

४. झोटेरो. जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झालेलं हे मोफत संदर्भ-व्यवस्थापक सॉफ्टवेअर संदर्भसूची बनवण्यासाठी सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या ग्रंथालयाचा लिंक रिझॉल्व्हर, म्हणजे लेख ग्रंथालयाकडे कुठे आहे हे शोधून देणारी यंत्रणा, निवडता येतो, हे मात्र फारसं कुणी करत नाही. तो निवडला की संग्रहातल्या कोणत्याही नोंदीवरून थेट ग्रंथालयाच्या 'पूर्ण मजकूर' पानावर जाता येतं. शिवाय त्याचा ब्राउझर कनेक्टर तुमची प्रॉक्सी ओळखून ठेवतो. एकदा एखाद्या प्रकाशकाकडे प्रॉक्सीतून गेलात की पुढच्या वेळी तो तुम्हाला आपणहून प्रॉक्सीतून नेतो.

## कुठे शोधायचं

ग्रंथालयाच्या मुखपृष्ठावरच्या मोठ्या शोधचौकटीमागे प्रिमो, समन, एब्स्को डिस्कव्हरी किंवा वर्ल्डकॅट डिस्कव्हरी यांपैकी एखादी व्यवस्था असते. पुस्तकं, जर्नल, लेख, प्रबंध सगळं एकत्र शोधणं हे तिचं काम. विषयात पहिलं पाऊल टाकताना ती बरी. पण निकाल हजारोंनी येतात, आणि वृत्तपत्रातली बातमी व परीक्षण झालेला शोधनिबंध शेजारी-शेजारी बसतात. म्हणून डाव्या किंवा उजव्या पट्टीतली गाळणी आधी लावा. त्यातल्या दोन महत्त्वाच्या: 'तज्ज्ञपरीक्षित' आणि 'पूर्ण मजकूर उपलब्ध'. दुसरी गाळणी सांभाळून वापरा. ती लावली की ग्रंथालयाकडे नसलेला, पण तुमच्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा लेख दिसतच नाही, आणि तो मागवून घेता आला असता हेही कळत नाही. साहित्याचा आढावा घेत असाल तर ती लावूच नका.

खरं काम विषयवार डेटाबेसमध्ये होतं. वैद्यकासाठी पबमेड आहे, १९९७ पासून सर्वांसाठी मोफत. शिक्षणशास्त्रासाठी एरिक, मानसशास्त्रासाठी सायकइन्फो, अभियांत्रिकीसाठी आयईईई एक्सप्लोअर, गणितासाठी मॅथसायनेट आणि २०२१ पासून खुलं झालेलं झेडबीमॅथ, मानव्यविद्यांसाठी जेस्टोर आणि प्रोजेक्ट म्यूझ. यांतल्या काहींचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे विषयसंज्ञा. पबमेडमध्ये अनुक्रमणिका करणारी यंत्रणा बऱ्याच लेखांना 'मेश' नावाच्या ठरलेल्या यादीतल्या संज्ञा जोडते. लेखकाने 'हार्ट अटॅक' लिहिलं असो की 'मायोकार्डियल इन्फार्क्शन', संज्ञा एकच लागते. त्या संज्ञेने शोधलं की शब्द वेगळा म्हणून लेख हातचा जात नाही. अगदी ताज्या लेखांना या संज्ञा लागलेल्या नसतात, म्हणून संज्ञा आणि साधे शब्द दोन्हींनी शोधावं.

शोध लिहिताना प्रश्न जसाच्या तसा टाइप करू नका. त्यातल्या दोन-तीन कल्पना वेगळ्या काढा आणि प्रत्येकीचे समानार्थी शब्द एका कागदावर लिहा. समजा प्रश्न आहे की रात्रपाळीमुळे परिचारिकांच्या झोपेवर काय परिणाम होतो. कल्पना तीन: रात्रपाळी, परिचारिका, झोप. एका कल्पनेचे पर्यायी शब्द 'ऑर'ने जोडून कंसात घालायचे, आणि असे तीन कंस 'अँड'ने जोडायचे. नेमका शब्दसमूह हवा तर अवतरणचिन्हांत. बहुतेक डेटाबेसमध्ये शब्दाच्या मुळापुढे तारांकन दिलं की त्याची सगळी रूपं सापडतात. गूगल स्कॉलरमध्ये मात्र या तारांकनाच्या भरवशावर राहू नका.

स्कॉलर २००४ पासून आहे, झपाट्याने शोधतो आणि पुस्तकांतली प्रकरणं, प्रबंधही आणतो. पण एका शोधाचे तो फार तर १,००० निकाल दाखवतो, विषयसंज्ञा नाहीत, आणि कोणती जर्नल तो धुंडाळतो याची जाहीर यादी नाही. माझ्या मते त्याची खरी ताकद 'साइटेड बाय' मध्ये आहे. एक चांगला लेख सापडला की त्याखालच्या त्या आकड्यावर टिचकी मारा. नंतरच्या काळात तो लेख कुणीकुणी संदर्भात घेतला, ती यादी येते, आणि वरच्या चौकटीत खूण करून फक्त त्या लेखांतच पुन्हा शोधता येतं. लेखाची संदर्भसूची तुम्हाला मागे नेते, ही यादी पुढे नेते. संदर्भांचा हा धागा धरून शोधण्याची पद्धत युजीन गारफील्ड यांच्या १९६४ च्या सायन्स सायटेशन इंडेक्समुळे रुळली आणि त्याचाच आजचा वारस म्हणजे वेब ऑफ सायन्स. ग्रंथालयाकडे वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस असेल तर हेच काम तिथे अधिक शिस्तीत होतं. नसेल तर २०२२ मध्ये आलेलं ओपनॲलेक्स हा मुक्त पर्याय आहे.

## नोंदीपासून मजकुरापर्यंत

आता मुख्य भाग. हातात एक संदर्भ आहे आणि लेख हवा आहे. इथे क्रम पाळला तर वेळ वाचतो.

आधी डीओआय शोधा. 'दहा' आणि टिंब यांनी सुरू होणारी ही लेखाची कायमची खूण असते. प्रकाशक बदलला, संकेतस्थळ बदललं तरी डीओआय तोच राहतो. संदर्भात तो दिलेला नसेल तर क्रॉसरेफच्या मोफत शोधात शीर्षक टाका. प्रकाशकांनी मिळून चालवलेली ही संस्था २००० पासून लेखांच्या डीओआयची नोंद ठेवते. तिच्या 'सिंपल टेक्स्ट क्वेरी' या सोयीत अख्खी संदर्भसूची चिकटवता येते आणि सापडतील ते डीओआय एकदम मिळतात. जुन्या, लहान किंवा स्थानिक जर्नलमधल्या लेखांना डीओआय नसू शकतो, त्यामुळे तो न मिळणं म्हणजे लेख खोटा असं नाही. पण चॅटबॉटने दिलेला संदर्भ असेल आणि तो क्रॉसरेफमध्येही नाही, जर्नलच्या त्या वर्षाच्या अंकातही नाही, तर तो लेख अस्तित्वातच नसण्याची शक्यता मोठी. असे संदर्भ आता रोज ग्रंथपालांच्या टेबलावर येतात.

डीओआय मिळाला की तो ग्रंथालयाच्या साधनात टाका. लिबकीचं स्वतंत्र पान असेल तर तिथे डीओआय किंवा पबमेडचा क्रमांक चिकटवला की बहुतेकदा एका टिचकीत पीडीएफ येतो. ते नसेल तर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर 'सायटेशन लिंकर' किंवा 'लेख शोधा' असा फॉर्म असतो. त्यात जर्नल, वर्ष, खंड, अंक, पान भरायचं.

डेटाबेसमध्ये लेखाशेजारी जे 'पूर्ण मजकूर शोधा' असं बटण दिसतं, त्याच्या मागे ओपनयूआरएल नावाची युक्ती आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस घेंट विद्यापीठात हर्बर्ट व्हॅन डी सॉम्पेल यांनी ती मांडली. बटण दाबलं की लेखाची माहिती, म्हणजे जर्नलचा आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक), खंड, अंक, सुरुवातीचं पान, एका चिठ्ठीसारखी लिंकमध्ये भरून ग्रंथालयाच्या लिंक रिझॉल्व्हरकडे जाते. रिझॉल्व्हर आपल्या नोंदवहीत पाहतो की हे जर्नल या वर्षासाठी आपल्याकडे कुठे आहे, आणि त्या जागेची लिंक देतो.

हे समजून घेण्याचा फायदा असा की लिंक फसली तर ती का फसली हे तुम्हाला ओळखता येतं. चिठ्ठीत एखादा तपशील चुकीचा असला, उदाहरणार्थ पुरवणी अंकाचा क्रमांक किंवा ऑनलाइन-आधी निघालेल्या लेखाचं वर्ष, तर रिझॉल्व्हर जर्नलच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडतो किंवा 'उपलब्ध नाही' म्हणतो. लेख असतो, लिंक चुकलेली असते. अशा वेळी तीन गोष्टी करा. यादीत दुसऱ्या पुरवठादाराची लिंक असेल तर ती दाबा. जर्नलच्या मुखपृष्ठावर पोहोचला असाल तर खंड आणि अंकांच्या यादीतून हाताने लेखापर्यंत जा. तेही जमलं नाही तर ग्रंथालयाची 'जर्नल ए टू झेड' यादी उघडून जर्नलचं नाव टाका. लेखाचं नव्हे, जर्नलचं. इथे घाईघाईने लेखाचं शीर्षक टाकलं जातं आणि काहीच सापडत नाही.

त्या यादीत प्रत्येक पुरवठादारापुढे वर्षं लिहिलेली असतात, आणि ती नीट वाचायची असतात. एकच जर्नल तीन ठिकाणी असू शकतं: एका ठिकाणी पहिल्या अंकापासून पण अलीकडची काही वर्षं वगळून, दुसऱ्या ठिकाणी १९९७ पासून आजपर्यंत, तिसऱ्या ठिकाणी ताजे १२ महिने सोडून. जेस्टोरवरच्या अनेक जर्नलना 'सरकती भिंत' असते, साधारण ३ ते ५ वर्षांची, म्हणजे तेवढ्या अलीकडचे अंक तिथे नसतात. दरवर्षी ती भिंत एक वर्ष पुढे सरकते. एकत्रित डेटाबेसमध्येही प्रकाशक ताजे अंक काही महिने अडवून ठेवतात. तेव्हा 'आमच्याकडे हे जर्नल आहे' आणि 'आमच्याकडे हा लेख आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## वर्गणी नसेल तर मुक्त प्रत

ग्रंथालयाकडे लेख नाही हे नक्की झालं की मुक्त प्रतीकडे वळा. अनपेवॉलचं कुलूप हिरवं झालं तर काम झालंच. नाही झालं तर गूगल स्कॉलरमध्ये शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून त्याखालचं 'सर्व आवृत्त्या' उघडा. विद्यापीठाच्या भांडारातली, म्हणजे संस्था आपल्या संशोधकांचे लेख ऑनलाइन जपून ठेवते त्या संग्रहातली, प्रत तिथे सापडते. यानंतर बिलेफेल्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं बेस आणि ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं कोअर. दोन्ही जगभरच्या भांडारांतून शोधतात. भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र असेल तर १९९१ पासून चालू असलेलं अर्काइव्ह (arXiv) हे मुक्त भांडार आधी पाहा. वैद्यकासाठी पबमेड सेंट्रल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या निधीतून झालेल्या, आणि १ जुलै २०२५ किंवा त्यानंतर स्वीकारल्या गेलेल्या लेखांची हस्तलिखितं तिथे प्रकाशनाबरोबरच खुली व्हावीत असा आता नियम आहे. आधी यासाठी १२ महिन्यांपर्यंत थांबावं लागे.

मुक्त प्रत मिळाली की ती कोणती आवृत्ती आहे ते पाहा. परीक्षणापूर्वीचा मसुदा म्हणजे प्रीप्रिंट, परीक्षणानंतरचं पण प्रकाशकाने मांडणी न केलेलं ते स्वीकृत हस्तलिखित, आणि छापलेला तो अंतिम लेख. स्वीकृत हस्तलिखितात आशय तोच असतो, पानांचे क्रमांक मात्र वेगळे. अवतरण देताना पानक्रमांक हवा तर अंतिम आवृत्तीच लागते. प्रीप्रिंटमध्ये आकडेही पुढे बदललेले असू शकतात, म्हणून त्याचा आधार घेतलात तर संदर्भात प्रीप्रिंट असं स्पष्ट लिहा.

लेखकाला ईमेल करणं हाही सरळ मार्ग आहे आणि तो लोक उगीच टाळतात. सारांशाच्या पानावर पत्रव्यवहाराच्या लेखकाचा पत्ता असतो. लेखाचं पूर्ण शीर्षक, तुम्ही कोण आणि तो कशासाठी हवा, एवढ्या तीन ओळी पुरतात. आपलं काम कुणीतरी मागून वाचतंय याचा लेखकांना आनंदच होतो.

## आंतरग्रंथालयीन सेवा

याच सेवेबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे, कारण ती सर्वांत कमी वापरली जाते. तुमच्या ग्रंथालयाकडे लेख नसेल तर ते दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवतं. पुस्तक असेल तर प्रत्यक्ष येतं, लेख असेल तर बहुधा पीडीएफ ईमेलने येतो. बऱ्याच संस्थांत विद्यार्थ्याला यासाठी काही भरावं लागत नाही. 'यात आठवडे जातात' असा जो समज आहे तो छापील पत्रव्यवहाराच्या काळातला.

ही गती कशी आली, त्यामागे एक आपत्ती आहे. जुलै १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुराचं पाणी शिरलं आणि जर्नलच्या बांधीव खंडांचा प्रचंड संग्रह भिजला. वाचकांना रोज लागणारे लेख आता बाहेरूनच आणायचे होते, तेही लगेच. तिथल्या आंतरग्रंथालयीन विभागाने मग अशी यंत्रणा उभी केली की कोणत्या ग्रंथालयाकडे त्या जर्नलचं नेमकं ते वर्ष आहे हे संगणकच ताडून पाहील आणि मागणी थेट तिकडे जाईल. तीच पुढे रॅपिडआयएलएल म्हणून इतर ग्रंथालयांत पसरली. या जाळ्यातल्या ग्रंथालयांत लेख अनेकदा एक-दोन दिवसांत येतो.

मागणी करताना फॉर्म हाताने भरू नका. ज्या पानावर रिझॉल्व्हरने 'उपलब्ध नाही' म्हटलं, तिथेच 'मागणी करा' ही लिंक असते आणि तिच्यातून सगळे तपशील आपोआप भरले जातात. तरी पाठवण्याआधी वर्ष आणि पानं एकदा वाचा. डीओआय असेल तर शेऱ्याच्या जागी चिकटवा. हवा तो भाग पुस्तकातलं प्रकरण असेल तर प्रकरणाचं शीर्षक आणि संपादकांचं नाव द्या, नाहीतर अख्ख्या पुस्तकाची मागणी जाते आणि वेळ लागतो. आलेला पीडीएफ लगेच उतरवून घ्या, कारण अशा लिंक ठरावीक दिवसांनी बंद होतात.

## संस्थेशी नातं नसेल तर

शिक्षण संपलं, नोकरी वेगळीकडे, तरी वाटा बंद होत नाहीत. अनेक विद्यापीठ ग्रंथालयं प्रत्यक्ष येणाऱ्या बाहेरच्या वाचकाला तिथल्या संगणकांवर डेटाबेस वापरू देतात. प्रकाशकांशी झालेल्या करारांत तशी तरतूद असते. जाण्यापूर्वी फोन करून ओळखपत्राचे नियम विचारा. माजी विद्यार्थ्यांसाठी निवडक डेटाबेस खुले ठेवणारी विद्यापीठंही आहेत. जेस्टोरवर मोफत वैयक्तिक खातं उघडून दरमहा काही लेख ऑनलाइन वाचता येतात. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांसाठी रिसर्च४लाइफ आहे. त्यातला हिनारी हा आरोग्यविषयक भाग जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुरू केला. आणि तुम्ही विकिपीडियावर नियमित लिहीत असाल, ५०० संपादनं आणि ६ महिन्यांचं खातं झालेलं असेल, शिवाय गेल्या महिन्यात किमान १० संपादनं केली असतील, तर विकिपीडिया लायब्ररीतून बऱ्याच वर्गणीच्या डेटाबेसमध्ये मोफत प्रवेश मिळतो.

संस्थेचं लॉगिन मित्राला देणं मात्र टाळा. आणि एखाद्या जर्नलचे सगळे अंक एका रात्रीत स्क्रिप्टने उतरवू नका. प्रकाशकाच्या यंत्रणेला अशी वाहतूक दिसली की ती प्रॉक्सीचा पत्ताच अडवते, आणि त्या क्षणी संपूर्ण विद्यापीठाचा प्रवेश बंद होतो. मजकूर-विश्लेषणासाठी खरोखर हजारो लेख हवे असतील तर त्यासाठी वेगळी परवानगी आणि एपीआय (प्रोग्रामने मजकूर मागवण्याची अधिकृत सोय) असतात. ग्रंथपालांकडून ते करून घ्या.

## मिळालेला लेख तपासणं आणि जपणं

लेख वाचण्याआधी तो मागे तर घेतलेला नाही ना, एवढं पाहा. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा माहितीसंच २०२३ पासून क्रॉसरेफमार्फत सर्वांना खुला आहे आणि झोटेरो त्याच्याशी तुमचा संग्रह ताडून पाहतं. संग्रहातला लेख मागे घेतला गेला तर वर लाल पट्टी येते. पीडीएफ एकदा उतरवला की प्रकाशकाच्या पानावरची नंतरची सूचना आपल्याला दिसत नाही, म्हणून ही सोय फार मोलाची आहे.

लिंक जपताना ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करू नका. डेटाबेसमधले ते पत्ते पुष्कळदा त्या सत्रापुरतेच असतात आणि दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत. डीओआयची लिंक किंवा डेटाबेसने दिलेली 'पर्मालिंक' जपा. वर्गमित्रांना वाचायला पाठवायची असेल तर तिच्या आधी ग्रंथालयाचा प्रॉक्सी-उपसर्ग, म्हणजे लिंकला प्रॉक्सीतून नेणारा पत्त्याचा सुरुवातीचा भाग, जोडा, म्हणजे त्यांना घरूनही उघडेल.

## ग्रंथपालांना लिहिताना

हे सगळं करूनही लेख उघडला नाही तर तास घालवू नका, ग्रंथालयाला लिहा. पण 'लिंक चालत नाही' एवढंच लिहिलं तर त्यांना काही करता येत नाही. लेखाचा पूर्ण संदर्भ आणि डीओआय, तुम्ही कोणत्या पानावरून कोणती लिंक दाबली, समोर आलेल्या पानाचा पत्ता आणि चित्र, तुम्ही कॅम्पसवर होता की बाहेर, ब्राउझर कोणता, आणि ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून पाहिलं का, हे सगळं एका ईमेलमध्ये द्या. खासगी खिडकीत उघडलं तर दोष बहुधा तुमच्या ब्राउझरमधल्या जुन्या कुकीजचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा असतो, आणि तो तुम्हीच काढू शकता. तिथेही उघडलं नाही तर दोष वर्गणीच्या नोंदीत, प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये किंवा प्रकाशकाकडे असू शकतो. तो ग्रंथालय शोधेल. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर तोवर लेख दुसऱ्या मार्गाने पाठवता येईल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.